बोरझरीची काठी आणि भागुजीचा पाय

दौलतराव गुरुजी नसते तर आज मी शेवगावच्या बाजारात पोती वाहत असतो. वडील तेच करत होते आणि सातवीनंतर मलाही तेच करायचं होतं. एका संध्याकाळी गुरुजी आमच्याकडे आले, वडिलांच्या शेजारी रिकाम्या पोत्यावर बसले आणि म्हणाले, "पोरगा मला द्या. मॅट्रिक करून परत देतो." वडिलांनी दिला. मॅट्रिक होईपर्यंत मी गुरुजींच्या ओसरीवर झोपलो आणि त्यांच्या घरची भाकरी खाल्ली. पुढे नगरच्या वसतिगृहात ट्रंक उचलून मला पोहोचवायलाही तेच आले. आमच्या घरात नावापुढे बी.ए. लावणारा मी पहिला. आज नगरच्या एका शाळेत मी शिकवतो ते त्यांच्यामुळे. हे आधी सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कुणी मला कृतघ्न म्हणू नये.

गुरुजींचा वर्गात एक नियम होता. त्यांचं काही चुकलं असं ज्याला वाटेल त्यानं उभं राहून सांगायचं. "बसून कुजबुजू नका," ते म्हणत, "उभे राहा आणि बोला." एकदा फळ्यावरचं गणित खरोखरच चुकलं होतं. मी उभा राहिलो, तर त्यांनी फळा पुसला आणि खडू माझ्या हातात दिला.

निवृत्त झाल्यावर गुरुजी पारनेर तालुक्यातल्या बोरझरीला, आपल्या मूळ गावी राहायला गेले. दर वर्षी भैरोबाच्या जत्रेचं आमंत्रण येई आणि दर वर्षी माझं काहीतरी निघे. यंदा मात्र ठरवून गेलो. दुष्काळाचं वर्ष असूनही गाव जत्रा भरवणार होतं, आणि गुरुजींनी मुद्दाम लिहिलं होतं, "आमच्या गावची मानाची काठी पाहण्यासारखी असते. ये."

सुप्याचा फाटा

नगरहून पुण्याच्या रस्त्याला लागलेली एस.टी. सुप्याच्या अलीकडेच धापा टाकू लागली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, कंडक्टर डबा घेऊन रस्त्याकडेच्या हॉटेलात गेला आणि तसाच परत आला. मागून हॉटेलवाल्याचा आवाज आला, "चहा सांगा, दूध सांगा, भजी सांगा. पाणी तेवढं सांगू नका, मास्तर." शेवटी कुणाच्या तरी कळशीतलं पाणी गाडीला मिळालं. कळशीवाली बाई उतरेपर्यंत कंडक्टरला ऐकवत होती, "गाडीला पाजलंत, आता म्हशीला काय तिकीट पाजू का?"

सुप्याहून बोरझरी पायी. वाट माळावरची. ज्वारीची शेतं होती, पण त्यांत ज्वारी नव्हती. आमच्या शेवगावकडे जमीन काळी, तिला भेगा पडल्या की हात आत जाईल अशा पडतात. इकडची मुरमाड, हलकी. ती भेगाळत नाही, नुसती उडून जाते. गाव दिसायला लागलं तेवढ्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला. चपला हातात घेऊन तापलेल्या वाटेनं उड्या मारत मी वेशीजवळच्या लिंबाखाली पोहोचलो.

लिंबाखाली खाटेवर एक तिशीतला माणूस बसला होता. त्याच्या मांडीवर एक पाय होता आणि तो त्याच्या पट्ट्याला तेल लावत होता. मांडीवर पाय म्हणजे खराच आडवा ठेवलेला पाय. खाली काळा बूट, वर लाकडाची नळी, आणि तिच्यावर कातड्याची खोल वाटी.

"या पाव्हणं," तो म्हणाला. "तुमचं एक तुटलंय, माजं बी एक तुटलंय. बसा, तुमचं आदी शिवू."

त्यानं खाकी पिशवीतून दाभण आणि मेणाचा दोरा काढला आणि माझी चप्पल शिवायला घेतली. हा भागुजी. पलटणीत शिपाई होता. एकाहत्तरच्या लढाईत पठाणकोटच्या पुढं त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. वर्षभर इस्पितळात काढून, हा नवा पाय लावून तो घरी आला होता.

मी शिकलेला माणूस. शिकलेली माणसं विचारतात तसंच मी विचारलं, "लढताना लागलं का?"

"लढाई कसली? चहा आणाया गेल्तो."

मला वाटलं, थट्टा करतोय.

"खरंच. लढाई मंजी खंदक खनायचा, थंडीत बसायचं, पुना खनायचं. त्या सकाळी माजी पाळी हुती चहाची. डेग घिऊन परत येताना धुकं हुतं. वाट चुकली, सुरुंगावर पाय पडला. मला पायाचं न्हाई, चहा सांडल्याचं वाईट वाटलं आदी. पोरं वाट बघत हुती." तो दोरा दातानं तोडून पुढं म्हणाला, "मग पडलो तितंच. कुनी जवळ यीना. येनार कसं? सगळीकडं सुरुंग. मग सुरुंग काढनारे सफरमैनावाले आले. एकेक पाऊल तपासत, वाटंवर काठ्या रवत, त्या काठ्यांना पांढरी फीत बांदत. मी आडवा पडून त्या काठ्या बघत हुतो. एक रवली, दुसरी रवली. माज्याकडं येत चालल्या हुत्या. तवा मला आमची काठी आठवली."

बोरझरीची मानाची काठी भागुजीच्या घराण्याकडे असते. पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्यातला थोरलाच ती खालच्या बारवेपासून भैरोबाच्या डोंगरावर नेतो. उंच वेळूची, वर मोरपिसांचा तुरा, आणि वाटेत ती कुठं टेकवायची नाही.

"तवा नवस बोललो," भागुजी म्हणाला. "देवा, वाचलो तर चैतात काठी मीच नेईन. मागच्या चैतात इस्पितळात हुतो. चुलतभावानं नेली. यंदा आलोय."

त्यानं पाय बांधला, उठला आणि माझ्यापुढं लिंबाभोवती एक फेरी मारून दाखवली. नीट पाहिलं नसतं तर चालण्यातला फरक कळला नसता. "डोंगर दोनदा चढून बगितलाय, पाटीमागच्या अंगानं. काठीऐवजी खांद्यावर वासा घिऊन," तो म्हणाला. "जमतंय."

मग मात्र तो खाटेवर परत बसला. "पर पंच म्हनत्यात, चालनार न्हाई."

गुरुजींच्या ओसरीवर

गुरुजी थकले आहेत. तरी मला पाहताच उठून उभे राहिले, खांद्यावर हात ठेवून घरात ओरडले, "अगं, आपला बी.ए. आला!" बाईंनी पिठलं केलं होतं आणि लाल ज्वारीच्या भाकरी. सरकारी दुकानात बाहेरदेशची जी लाल ज्वारी मिळते तिची भाकरी थापताना फाटते आणि खाताना घशात अडते. बाई सारख्या म्हणत होत्या, "तुझ्या ताटात असली भाकरी वाढायची वेळ आली बघ." मी ती अगदी आनंदानं खाल्ली. त्या घरचं काहीही मला आजवर बेचव लागलेलं नाही.

जेवण झाल्यावर मी भागुजीचा विषय काढला. जत्रेच्या पंचांत गुरुजी प्रमुख आहेत, हे मला तेव्हा कळलं.

"त्याचं असं आहे," ते शांतपणे म्हणाले. "आमच्याकडे देऊळ देव नाही, सगळा डोंगरच देव आहे. पायथ्याच्या कमानीपाशी सगळे वहाणा काढतात. त्याच्या पायाला बूट आहे, कातडं आहे. ते आत कसं न्यायचं?"

आमच्याकडे वहाणा देवळाच्या पायरीशी काढतात. डोंगराच्या पायथ्याशी काढणं मला आवडलं, आणि तसं मी म्हणालोही. पण मग विचारलं, "गुरुजी, वहाण वेगळी आणि पाय वेगळा. तो त्याचा पाय आहे."

"मला पटतं रे. गावाला कसं पटवू? पाऊस नाही. लोक धास्तावलेत. आधीच म्हणतात, मागच्या वर्षी काठी दुसऱ्यानं नेली म्हणून देव कोपला."

"मग यंदा खऱ्या मानकऱ्याला नेऊ द्या."

"आता म्हणतात, देहानं अधू माणसानं नेली तर आणखी कोपेल." गुरुजी कसंनुसं हसले. "गावात फूट पडायला नको. भागुजी शहाणा आहे, शिस्तीतला आहे. तो ऐकेल."

मी उभा राहिलो. अगदी खरोखर, लहानपणी वर्गात राहायचो तसा. म्हणालो, "गुरुजी, हे चुकतंय."

"बस," ते म्हणाले. "हा वर्ग नाही."

तळ्याच्या कामावर

दुसऱ्या दिवशी सकाळी भागुजीबरोबर दुष्काळी कामावर गेलो. गावाबाहेर पाझर तलाव खणत होते. बायका टोपल्या वाहत होत्या, पुरुष खणत होते आणि बांधाच्या कडेला खडी फुटत होती. भागुजी तिथं जाऊन बसला, पाय सोडून शेजारी उभा करून ठेवला आणि हातोडा घेतला. उन्हात वाटी तापते आणि कातडी सोलते, म्हणून बसून करायच्या कामाला तो पाय काढतो.

टोपली घेऊन जाणारी एक म्हातारी थांबून म्हणाली, "ए फौजी, पाय सावलीत ठीव. उन्हानं एकलाच घरी जाईल!"

"जाऊ द्या आत्या. त्याला घर ठाव हाय. म्होरं जाऊन चुलीवर आंधन ठिवंल."

सगळ्या बायका हसल्या. त्या हसण्यात किळस नव्हती, कीव नव्हती. तिथं मला वाटलं, गुरुजी ज्या गावाला एवढे भितात ते गाव कोणतं? हेच की दुसरं?

दुपारी सुकडी, म्हणजे दुष्काळी कामावर मिळणारं भाजलेलं कोरडं पीठ, वाटली. भागुजीनं आपल्या मुठीतली अर्धी माझ्या हातावर ठेवली. गोड असते, पण दोन घासांनंतर पाणी लागतं आणि पाणी तिथं जपून होतं. कोरड्या तोंडानं तो सव्वीस जानेवारीची गोष्ट सांगायला लागला. शाळेत त्याचा सत्कार झाला होता. वेशीपासून मिरवणूक, हार, फेटा.

"गुरुजींनी भाषान लई भारी केलं. म्हनले, शत्रूच्या रनगाड्यावर चाल करून जाताना आमच्या भागुजीनं पाय देशाला दिला. मी मागून हळूच म्हनलो, गुरुजी, चहा आनत हुतो. तर म्हनले, ते सांगू नगंस. पोरांफुडं चांगलं दिसत न्हाई."

"तुला काय वाटलं?"

भागुजीनं एक दगड फोडला. "मला वाटलं, मंग त्या चहाची वाट बघत बसलेल्यांचं काय? त्यातला एक परत आला न्हाई. त्याच्यासाटी चहा आनत हुतो, ह्यात काय वंगाळ हाय?"

रणगाड्याची खोटी गोष्ट गावाला चालली, आणि चहाची खरी चालली नाही. भाषणातला पाय चालला, बुटातला चालला नाही. तेव्हापासून माझ्या डोक्यात जे पेटलं ते अजून विझलेलं नाही.

पट्टा

जत्रेच्या सकाळी सनई आणि हलगी वाजवत पंच मंडळी भागुजीच्या दारात आली. काठी वर्षभर त्याच्याच घरी आढ्याला आडवी बांधून ठेवलेली असते. गुरुजी पुढे होते, फेटा बांधलेले. मी त्यांच्याच बरोबर होतो. चुलतभाऊ रामभाऊ अंघोळ करून ओल्या धोतरानं मान खाली घालून उभा होता. त्याला हा मान नको होता हे त्याच्या तोंडावर दिसत होतं, पण नको म्हणायची त्याची छाती नव्हती.

भागुजीनं स्वतः काठी काढून दिली. मग गुरुजी म्हणाले, "पट्टा?"

भागुजीची आई हौसाबाई आतून पट्टा घेऊन आली. काठी नुसत्या हातानं पेलत नाही. ती नेणाऱ्याच्या कमरेला रुंद पट्टा असतो, पट्ट्याला पुढं एक वाटी शिवलेली असते आणि काठीचं बूड त्या वाटीत उभं राहतं. त्या घरातली प्रत्येक बाई वर्षभर त्या पट्ट्याला एरंडेल लावते, म्हणून शंभर हातांनी गुळगुळीत केल्यासारखा तो काळा चकचकीत झाला होता.

हौसाबाईनं पट्टा गुरुजींच्या हातात दिला नाही. तसाच छातीशी धरला.

"गुर्जी, ह्ये कशाचं हाय?"

"काय?"

"ह्यो पट्टा कशाचा हाय, इचारते."

गुरुजींनी पट्ट्याकडे पाहिलं. हलगीवाला थांबला.

"कातड्याचा हाय. ही वाटी बी कातड्याची हाय. देवाची काठी ह्या वाटीत हुभी ऱ्हाती. माज्या भागूचा पाय बी असल्याच वाटीत हुभा हाय. मी दोन्नीला एकाच वाडग्यातलं त्याल लावते. मग ह्ये डोंगरावर जातंय आनि त्ये का जात न्हाई?"

एवढी साधी गोष्ट. दोन दिवस मी, बी.ए. झालेला माणूस, गुरुजींशी वाद घालत होतो आणि ही मला दिसली नव्हती. पंचांत कुजबुज झाली. एक म्हातारा पंच तर चक्क म्हणाला, "म्हातारी बोलती त्यात काय खोटं न्हाई." रामभाऊनं पहिल्यांदा मान वर केली. त्या क्षणी गुरुजींनी एक शब्द टाकला असता, नुसतं 'बरोबर आहे' म्हटलं असतं, तर सगळं फिरलं असतं, हे मी शपथेवर सांगतो. मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांना पटलं होतं. गणित चुकल्यावर फळा पुसायच्या आधी जसा चेहरा व्हायचा तसाच झाला होता.

ते म्हणाले, "वहिनी, पट्टा परंपरेचा आहे. आज सणाच्या दिवशी वाद नको."

"वाद न्हाई गुर्जी. सवाल हाय."

"नंतर बोलू."

तेव्हा भागुजीनं आईच्या हातातून पट्टा घेतला आणि रामभाऊच्या कमरेला आपल्या हातानं बांधला. एक भोक सोडून दुसऱ्या भोकात आकडा घातला, ओढून पाहिला, आणि म्हणाला, "सैल सोडू नगंस. वळनावर वारं असतंय." आणि तो घरात गेला.

डोंगर

भैरोबाचा डोंगर मोठा नाही. पायऱ्या खडकातच खोदलेल्या आहेत, उंच आणि वाकड्या. दोन्ही बाजूंना वाळलेलं गवत. वरून सगळा पारनेरचा माळ दिसतो. पाऊस झालेल्या वर्षी हिरवा दिसत असेल, यंदा भाजलेल्या पापडासारखा होता. पायथ्याच्या कमानीपाशी वहाणांचा ढीग पडला होता. मी भागुजीनं शिवलेल्या चपला तिथंच काढल्या.

बारवेपासून काठी निघाली. रामभाऊ पुढं, दोघं ताणाच्या दोऱ्या धरून मागं, आणि गुलाल. काठी खरोखर पाहण्यासारखी असते. गुरुजींनी लिहिलं ते खोटं नव्हतं. एवढा उंच वेळू माणसाच्या कमरेवर उभा आणि वर मोरपिसं हलताहेत. बायका लांबूनच पदर पसरतात. आमच्याकडे पालखी असते, ती खांद्यांच्या गर्दीत लपते. इथं सगळं गाव मान वर करून एकाच टोकाकडे पाहतं. म्हणूनच खाली काय चाललंय ते आधी कुणाला दिसलं नाही.

भागुजी कमानीपाशी आला होता. सोवळ्याचं पांढरं धोतर, उघडं अंग. एका दगडावर बसून त्यानं पाय सोडला, पट्टे गुंडाळले, आणि तो पाय सगळ्यांच्या वहाणांच्या शेजारी नीट उभा करून ठेवला. मग हात टेकून तो पहिल्या पायरीवर बसला, आणि तसाच, पाठमोरा, बसल्या बसल्या वरच्या पायरीवर चढला. मग तिच्या वरच्या.

मी धावलो. "भागुजी, हे काय? मी धरतो, खांद्यावर हात टाक."

"नगं सर. कुनी धरायचं नसतं." तो धापा टाकत म्हणाला. "काठी न्हाई तर न्हाई. वर तर जातो. अंगावर आता कातडं न्हाई, बगा. हाय ते माजंच."

खडक तापला होता. हाताचे तळवे टेकले की तो ओठ आवळायचा. उजव्या पायानं रेटा द्यायचा, अंग उचलायचं, बसायचं. डावा खुंट आपटू नये म्हणून आधी वर धरत होता, पुढं पुढं ते जमेना. अर्ध्या वाटेत धोतराला रक्त लागलं. मग लोकांना दिसलं. हलगी हळू झाली. बायका बाजूला सरकून वाट देऊ लागल्या, एकदोघी त्याच्या वाटेवर पदरानं खडे झाडू लागल्या. त्या कामावरच्या म्हातारीनं तर चरवीतलं पाणी, आजकालचं पाणी, त्याच्यापुढच्या पायऱ्यांवर शिंपडलं. हौसाबाई सगळ्यांत मागं होती. भागुजीचा पाय तिनं वहाणांतून उचलून पदरात घेतला होता आणि ती कमानीबाहेरच बसली. ती वर आली नाही.

भागुजी वर पोहोचला तेव्हा काठी देवळाला लागली होती. तो शेवटच्या पायरीवर पालथा पडला, कपाळ टेकलं, बराच वेळ उठला नाही. रामभाऊ कमरेचा पट्टा न सोडताच त्याच्याजवळ जाऊन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

आणि मग कर्णा वाजला. गुरुजींच्या हातात माइक होता. त्यांचा आवाज भरून आला होता, डोळे वाहत होते.

"माझ्या गावकऱ्यांनो, पाहा! आपला वीर जवान भागुजी, पाय नसतानाही केवळ श्रद्धेच्या बळावर देवाच्या दारी आला आहे! याला म्हणतात भक्ती! धन्य ती माउली, धन्य हे गाव!"

टाळ्या वाजल्या. भागुजीवर गुलाल टाकला. तो खुंटाच्या जखमेवर पडला आणि भागुजी कळवळला. ते भक्तीनं हेलावणं समजून लोकांनी आणखी टाकला. शेरणीचा प्रसाद वाटायला सुरुवात झाली. गुरुजी माझ्याजवळ आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "पाहिलंस? असं कुठं पाहायला मिळेल? यावर लिही."

मी हात सोडवून घेतला. त्यांच्या हातातून हात सोडवायची आयुष्यातली माझी ती पहिली वेळ. शेरणी न घेता मी खाली उतरलो.

कमानीपाशी हौसाबाई तशीच बसली होती. रामभाऊनं भागुजीला पाठीवर घेऊन खाली आणलं आणि आम्ही दोघंतिघं मिळून त्याला खाटेवरून घरी नेलं. खुंट सोलून सुजला होता. नगरहून येणाऱ्या डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासलं आणि सांगितलं, जखम पूर्ण भरेपर्यंत पाय लावायचा नाही, पावसाळाही लागेल. म्हणजे तळ्याचं काम बंद. म्हणजे लिंबाभोवतीची ती फेरीही बंद. वर्षभर इस्पितळात पडून तो ज्या पायावर उभं राहायला शिकला होता, तो पाय आता भिंतीला टेकून उभा आहे आणि भागुजी खाटेवर आहे. निघताना मी त्याला विचारलं, राग येत नाही का. तो म्हणाला, "कुनावर? सुरुंग पेरनाऱ्यावर आला न्हाई. त्येला मी ठाव तरी कुठं हुतो? हितं सगळी वळखीची हायेत." आणि त्यानं तोंड भिंतीकडे केलं.

गुरुजी म्हणाले, लिही. म्हणून लिहिलं. पण आधी त्यांनाच लिहिलं. नगरला आल्याबरोबर पाठवलेलं ते पत्र असं:

तीर्थरूप गुरुजींच्या चरणी सा. न. वि. वि.

सुखरूप पोहोचलो. बाईंना सांगावं की भाकरी अजून आठवते.

आपण मला पोत्यांतून उचलून माणसांत आणलंत. हे ऋण मी विसरलेलो नाही आणि या पत्रानंतरही विसरणार नाही. आपण मला 'हा वर्ग नाही' म्हणालात. माझ्यासाठी आपण जिथं असाल तिथं वर्गच आहे, म्हणून नियमाप्रमाणे उभा राहून सांगतो.

हौसाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला येत होतं. मी आपला चेहरा ओळखतो. गावाला भिऊन आपण ते दिलं नाहीत. पण कोणत्या गावाला, गुरुजी? वाटेवरचे खडे पदरानं झाडणारं आणि पिण्याचं पाणी पायऱ्यांवर ओतणारंही गावच होतं. आपण शब्द टाकला असता तर ते आपल्या मागं आलं असतं. आपण म्हणता गावात फूट नको. फूट पडली नाही, हे खरं. सगळं गाव एकत्र उभं राहिलं आणि एक माणूस खाली बसून चढला.

आपल्या रडण्यात खोटेपणा नव्हता, हेही मला ठाऊक आहे. त्याचाच मला जास्त त्रास होतो. ज्या हालांना आपण कारण झालात त्या हालांसाठी आपण रडलात आणि त्यांना भक्ती म्हणालात. उद्या शाळेतल्या पोरांना रणगाड्याच्या गोष्टीशेजारी ही दुसरी गोष्टही सांगितली जाईल. माझी हात जोडून विनंती आहे, ती सांगू नये.

आपण कर्ण्यावर म्हणालात, 'पाय नसतानाही'. हे वाक्य चुकलं आहे. त्याला पाय होता, गुरुजी. त्या पायावर तो गावात रोज आपल्यासमोर चालत होता. तो पाय आपण कमानीपाशी काढून ठेवायला लावलात.

पुढच्या चैत्रात त्याच कमानीपाशी, त्याच कर्ण्यावरून हे एवढंच सांगावं, आणि पट्टा आपल्या हातानं भागुजीच्या कमरेला बांधावा. फळा पुसायला आपल्याला कधी कमीपणा वाटला नव्हता. मी जत्रेला येईन. काठीच्या मागची दोरी धरीन.

तोवर मी उभाच आहे.

आपला विद्यार्थी